निवडुंगाला नाव ठेवायची घाई

हल्ली कुंडीत बियांपासून निवडुंग उगवायचं वेड बरंच पसरलंय. बी रुजलं, हिरवा ठिपका दिसला की लगेच फोटो काढायचा आणि अ‍ॅपला विचारायचं. अ‍ॅपही मोठ्या खात्रीने लॅटिन नाव सांगून मोकळं! माझं मत विचाराल तर रोपाला चुकीचं नाव देण्यापेक्षा ते बिननावाचं राहिलेलं बरं.

सगळ्यात सोपं उदाहरण ड्रॅगन फ्रूटचं. हो, तोही निवडुंगच. बाजारातल्या फळाच्या काळ्या बिया धुवून रेतीमिश्रित ओल्या मातीवर टाकल्या की रुजतात. आधी दोन जाड, गुळगुळीत दलं आणि मग त्यांच्या मधून बारीक काटेरी कोंब. या वयात पांढऱ्या गराचं रोप कुठलं आणि लाल गराचं कुठलं, हे नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यात या जातींचे आपसात संकर होतात. म्हणजे रोप आईसारखंच निघेल याचीही खात्री नाही.

बरं, बियांच्या रोपाला फळ धरायला कित्येक वर्षं लागू शकतात. 'लाल जात' म्हणून दिलेलं रोप शेजारी तेवढी वर्षं सांभाळणार आणि मग कापल्यावर गर पांढरा! हौसेची गंमत इथे संपते.

देवबागला, कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या आमच्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर, याची दुसरी बाजू दिसते. थोडं मोठं झालेलं तीन धारांचं रोप बघून काकी म्हणाली, "अरे, हो आपलो निवडुंगच मां!" तिच्या डोळ्यांसमोर होता कुंपणाचा त्रिधारी निवडुंग. मराठीत नाव एकच, पण वनस्पतिशास्त्रात तो कॅक्टस नाहीच, तो युफोर्बिया. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते. घरात लहान मुलं असतील तर हा फरक कळायलाच हवा.

तो ओळखायला भिंग पुरे. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या छोट्या गादीतून निघतात. त्रिधारीला अशी गादी नसते, धारेवर काट्यांच्या जोड्या असतात. नुसत्या चिकावर मात्र जाऊ नका, कारण मॅमिलारिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींतही पांढरा चीक असतो.

"शास्त्रज्ञच नावं बदलतात, मग आपण कशाला एवढं मनावर घ्यायचं?" असं कोणी म्हणेल. मुद्दा बरोबर आहे. ड्रॅगन फ्रूटचा हायलोसेरियस वंश २०१७ साली सेलेनिसेरियसमध्ये विलीन झाला, आणि २०२१ मध्ये गुजरात सरकारने फळाचं नाव 'कमलम' केलं. पण शास्त्रज्ञ नाव बदलतात ते पुरावा मांडून. आपण बदलतो ते दुसरं अ‍ॅप डाउनलोड करून :-)

आमच्या धंद्यात डेटाबेसमध्ये माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवतात, अंदाज भरत नाहीत. कुंडीच्या पट्टीवरही तेच करा. बी कुठून आलं, कधी पेरलं आणि फळाचा गर कुठल्या रंगाचा होता, एवढं पेन्सिलने लिहा, शाई पावसात पुसली जाते. जातीची जागा कोरी सोडा. फूल आणि फळ आलं की भरता येईल.

आणि रोप कोणाला दिलंत, तर ती पट्टीही सोबत द्या.