फौजेनंतरची तालीम

मुरूड-श्रीवर्धनकडे मुलगा घरी परतला की विचारतात, 'आता आखातात कधी?' अग्निवीरांनाही हेच विचारतील. २०२२च्या योजनेत नोकरी चार वर्षांची, पेन्शन नाही. मूळ नियमाप्रमाणे चौघांतला फार तर एक कायम. बाकीचे साधारण ११ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. यातल्या ज्याला जिम काढायची आहे त्याला आम्ही सांगू, मशीन घेण्याआधी शिकून घे, बाबा. फौजेतला उस्ताद निरोगी जवानांना पळवतो. इथे साखर वाढलेली खाला येईल, गुडघे धरलेले चाचा येतील. त्यांना पळवून कसं चालेल? पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी कर. आणि सकाळचे दोन तास फक्त बायकांसाठी ठेवलेस, तर पहिली फी आमच्याच घरातून येईल.