शीळफाटा ते नेवार्क

उन्हाळा आला की डोंबिवलीतल्या सोसायट्यांमधून आजी-आजोबांच्या बॅगा बाहेर पडतात. न्यू जर्सीतली थंडी ओसरलेली असते, नातवंडांना बघायचं असतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला वजनकाट्यावर चढतो, तेवीस किलोच्या वर गेला की आधी आजोबांचे कपडे बाहेर निघतात.

‘किती लांब हो?’ विचारलं तर उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. ‘सोळा तास,’ म्हणतात. बरोबरच आहे. मुंबई ते नेवार्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, पण या आकड्याने कुणाला काय कळणार?

आणि तो आकडा तरी कुठे पाळला जातो! सपाट नकाशावर पट्टी ठेवली की वाट अरबस्तान, इजिप्त, मोरोक्कोवरून अटलांटिकपार गेलेली दिसते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया ओलांडत थेट ६५ अंश उत्तरेला, आइसलँडच्या आसपास चढतो आणि मग कॅनडावरून खाली उतरतो. जवळची वाट हीच. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशिया २०२२ पासूनच बंद. म्हणजे दोरा भूगोलाचा, गाठी राजकारणाच्या. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे जाताना छातीवर घ्यायचे, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास तास-दोन तासांनी लवकर आटोपतो.

८ जून १९४८ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबलं होतं. आता लंडन दहा तासांच्या आत-बाहेर. विमानांनी जग आवळत आणलं, यात शंका नाही.

मात्र डोंबिवली ते मुंबईचा सहार विमानतळ या चाळीसेक किलोमीटरचा हिशेब कुठल्याही वैमानिकाला जमणार नाही. शीळफाट्याला ट्रक आडवा झाला की संपलं. माणकोलीचा पूल झाला म्हणून ठाण्याकडून जावं, तर ठाणेकरही तिथेच अडकलेले. त्यामुळे विमान रात्री दोनचं असलं तरी आमच्याकडे जेवणं संध्याकाळी सातला उरकतात आणि सोडायला येणारे जावईबापू दर पाच मिनिटांनी मोबाइलवरच्या लाल रेघा बघत बसतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तो सहारपेक्षा जवळ, पण वाट बहुधा शीळफाट्यावरूनच!

मुलं तिकडची, आई-वडील इकडचे, अशा घरांत अंतराचा आणखी एक हिशेब चालतो. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा. तिकडे सकाळी आठला ऑफिसला निघताना मुलगा फोन करतो, तो इथे साडेपाचला येणारा फोन साडेसहाला येऊ लागतो, ऐन दिवेलागणीला. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यावर तोडगा काढलाय: फोन देव्हाऱ्याशेजारी उभा करतात, तिकडून सूनबाई गाडीतूनच हात जोडते.