अपेक्षा किती?

कळमनुरीहून पुण्यास प्रोग्रामिंगच्या पहिल्या नोकरीसाठी जाणारी आमची मुले मुलाखतीत सर्व उत्तरे देतात. ‘पगाराची अपेक्षा किती?’ येथे मात्र ‘आपण द्याल ते’ म्हणतात. ही नम्रता नव्हे, बलुत्याची जुनी सवय आहे. बलुत्यात देणारा ठरवी, घेणारा हात जोडी. ते मोडण्यासाठीच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. म्हणून आम्ही सांगतो : प्रथम त्या पदासाठीची तरतूद विचारावी; मग शहरातील खर्च व आपले कौशल्य तोलून आकडा सांगावा. ३.६ लाखांचे पॅकेज म्हणजे महिना ३० हजार हाती नव्हेत. भविष्यनिर्वाह निधी त्यातूनच जातो. श्रमाचे मोल सांगणे लोभ नव्हे, सम्यक आजीविका आहे.