टायर मोठा केला, दात्यांचा हिशेब कुणी करायचा?

पावसाळा लागला की शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या भागातल्या पाणंदी चिखलात बुडतात. दूध, भाजीपाला, खताची पोती, गुळाचे रवे, सगळी ने-आण आता पिकअपवर आली आहे. गाडीचं पोट घासतं, डिफरन्शियल दगडावर आपटतं. मग पारावर कुणीतरी सल्ला देतो, "मोठे टायर टाक की लेका, गाडी कशी उचलून चालंल!" टायर पडतात, गाडी रुबाबदार दिसते, आणि दोन-चार महिन्यांत क्लच प्लेट जळाली म्हणून तोच गडी गॅरेजच्या दारात उभा राहतो.

मोठं चाक हलकं ओढतं, ही समजूत आपल्याकडं बैलगाडीतून आली आहे आणि गाडीपुरती ती खरीही आहे. बैल जू ओढतो, चाक नुसतं फिरतं, आणि थोरलं चाक खड्ड्यातून सहज निघतं. पिकअपचं गणित नेमकं उलटं आहे. इथं ओढणारं कुणी नाही, इंजिनाला मधल्या आसातून चाक फिरवावं लागतं. चाक जेवढं थोर, तेवढं ते फिरवायला जोर जास्त. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीला लागतं, पण त्यासाठी कंपनीने क्राऊन-पिनियनच्या पुढे चाकाजवळ आणखी एकदा वेग उतरवणारे गिअर दिलेले असतात. ते पिकअपला नाहीत.

उदाहरण घेऊ. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास साधारण ७०४ मिलिमीटर. त्याजागी ३१ इंची टायर टाकला तर व्यास होतो ७८७. म्हणजे चाक सुमारे १२ टक्क्यांनी थोर झालं. आता तुमच्या गाडीच्या क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते आहेत असं धरा. रेशो झाला ४.१०. मोठ्या टायरवर तीच गाडी ३.६६ रेशोची असल्यासारखी चालते. जमिनीवरची ओढ १० ते ११ टक्के घटली. मोकळ्या गाडीत हे कळत नाही. दीड टन माल भरून घाटात पहिला गिअर टाकला की क्लच अर्धा दाबून चढावं लागतं, आणि प्लेट जळते ती तिथंच.

उपाय गणितातच आहे. जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. ४.१० चे होतात ४.५९. ४१ आणि ९ दात्यांचा जोड ४.५६ देतो, तो जवळचा. तेव्हा मिस्त्रीने "बसतंय की" म्हटलं म्हणून भागत नाही, दाते मोजायला सांगावेत. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे. शिम घालून दात्यांतली फट जुळवायची, दात्यांना रंग लावून डाग मधोमध पडतो का बघायचं. डाग कडेला पडला तर हौसिंगमधून घोंग आवाज येतो आणि जोड लवकर जातो. चारचाकी ओढीची गाडी असेल तर पुढच्या-मागच्या दोन्ही आसांचा रेशो एकच हवा. खर्च दुप्पट.

रेशोची ही ताकद शेतकऱ्याला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा रेशो ४.८८ होता. युद्धानंतर तीच गाडी शेतकऱ्यांना विकायची ठरली तेव्हा तो ५.३८ केला, म्हणजे क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दाते. टायरचं माप तेच ठेवून नांगर, ट्रॉली ओढायला दात्यांचा फरक केला. आपल्याकडं मात्र टायर वाढतो आणि दाते तेच राहतात.

आणि रेशो बदलूनही एक गोष्ट सुटत नाही, ती ब्रेक. ड्रम तोच, चाक थोर, म्हणजे थांबवण्याची पकड तेवढीच कमी. गगनबावड्याहून करूळ घाट भरल्या गाडीने उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. गिअरबॉक्सवरून केबल घेणाऱ्या गाडीत नुसते टायर बदलले तर काटा ५० दाखवतो तेव्हा वेग ५६ असतो.

कायद्याची बाजूही आहे. मालवाहू गाडीच्या आर.सी.वर टायरचं माप नोंदलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा टायरकडंच बोट दाखवणार. रेशोलाही हात लावण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत विचारलेलं बरं.

एवढा सगळा खटाटोप करून गाडी उचलते किती? व्यासातली वाढ ८३ मिलिमीटर, तिचा निम्मा भाग आसाखाली मिळतो. म्हणजे चार सेंटीमीटर! पाणंदीच्या चाकोरीत दोन ट्रॉली मुरूम पडला तर याहून जास्त मिळेल. आमचं मत स्पष्ट आहे, बहुतेकांनी कंपनीच्या मापाचाच टायर ठेवावा, नक्षी खोल घ्यावी आणि माल दोन खेपांत न्यावा.

पण मग पाणंदीचं काय, हा प्रश्न शेतकऱ्याने एकट्याने सोडवायचा नाही. अतिक्रमणाने अरुंद झालेली वाट मोकळी करायला मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५ आहे, बांधावरून वाट मागायला जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे. दोन्हींचा अर्ज तहसीलदारांकडं जातो. तलाठी आणि ग्रामसेवकांनी आपल्या गावच्या बुजलेल्या पाणंदींची गटनंबरासह यादी मे महिन्याच्या ग्रामसभेपुढं ठेवावी. जूनमध्ये अर्ज आला तर मोजणीला माणूस चिखलात उभा राहत नाही.