एक जीव, पाच रूपे

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना प्रथम वाटले, हा ड्युनालिएला नावाच्या शैवालाचा रंग असावा. नमुने तपासल्यावर मात्र तो हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा ठरला. रंग तोच, धनी निराळा! सूक्ष्मजीवांची ओळख पटविणे किती कठीण असते, ते यावरून ध्यानी यावे.

समुद्रातील कोएनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवाची कथा याहून गहन आहे. त्याची पेशी साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. तिला चाबकासारखी एक कशाभिका आणि तिच्याभोवती नाजूक तंतूंची कॉलर असते. कशाभिका हलली की पाणी ओढले जाते, जिवाणू कॉलरवर अडकतात आणि तोच त्याचा आहार होतो. स्पंजाच्या अंगातही अशाच पेशी असतात, हे साम्य जेम्स-क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने १८६६ मध्ये दाखविले. पुढे जनुकीय पुराव्यांनीही सिद्ध झाले, की समस्त प्राणिसृष्टीचा हा सर्वांत जवळचा जिवंत आप्त आहे. त्यामुळे त्याचे वर्गीकरण चुकले, तर आपल्या वंशावळीचेच एक पान चुकते.

इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या हॉग बेटावरून असा एक जीव प्रयोगशाळेत आला. त्याच्या पेशी समूहाने राहताना दिसल्या, म्हणून तो प्रोटेरोस्पॉंजिया या प्रजातीत गणला गेला. त्याचे संपूर्ण जीवनचक्र अभ्यासल्यावर निराळेच चित्र दिसले. हाच जीव कधी संथ, तर कधी वेगाने एकटा पोहतो. कधी साखळी, तर कधी गुलाबपुष्पासारखा गुच्छ होतो. आणि कधी पेल्यासारख्या कवचात एका जागी चिकटून बसतो. पेल्याचे कवच हे साल्पिंगोएका प्रजातीचे लक्षण. अखेर २०११ मध्ये गुच्छाच्या आकारावरून त्याचे नाव ‘साल्पिंगोएका रोझेटा’ असे निश्चित झाले. पुढच्याच वर्षी कळले, की हा गुच्छ बांधण्याची प्रेरणा त्याला सोबतच्या एका जिवाणूकडून मिळते.

एकाच पेढीच्या पाच दुकानांवर पाच पाट्या पाहून खतावणीत पाच स्वतंत्र खाती उघडावीत, तसाच हा प्रमाद झाला असता. पाटीवरून नव्हे, मूळ दस्तऐवजावरून मालक ठरतो. येथे जीवनचक्र आणि जनुके हेच ते दस्तऐवज होत.

हा शोध अद्याप संपलेला नाही. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवर लोणारप्रमाणेच खारे आणि अल्कधर्मी आहे. तेथील ‘बॅरोएका मोनोसिएरा’ या कोएनोफ्लॅजेलेटाचे वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पोकळ गोलाकार वसाहतीच्या आत चक्क जिवाणू वस्ती करून राहतात.

लोणारला २०२० मध्येच रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याचे महत्त्व केवळ उल्कापाताच्या विवरामुळे नाही. असे पाणी बदलले किंवा दूषित झाले, तर त्यातील जीव नाव मिळण्यापूर्वीच नाहीसे होतील; आणि ज्याची नोंदच झाली नाही, त्याच्या हानीचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?