पडद्यावरील मासा

होडीवरील मत्स्यशोधक यंत्राचा पडदा म्हणजे समुद्राचें चित्र, अशी समजूत रूढ आहे. आमच्या मतें ती घातुक आहे. पडद्याच्या उजव्या कडेची उभी रेघ काय ती ताजी. डावीकडील सर्व भाग होऊन गेलेला काळ होय. तेथें दिसणारा मासा केव्हांच निघून गेला असेल!

हें यंत्र पाहात नाहीं, ऐकतें. खाऱ्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर धांवतो. प्रतिध्वनि दशांश सेकंदानें परतला, तर खोली ७५ मीटर. मासा ध्वनीच्या शंकूंतून जातांना प्रथम जवळ येतो, मग दूर जातो, म्हणून त्याची कमान उमटते. होडीखालीं स्थिर राहिलेला चिमुकला मासा मात्र लांबलचक रेघ काढतो.

फुरुनो बंधूंनीं १९४८ सालीं जपानांत असें यंत्र विक्रीस आणलें. आजचीं कित्येक यंत्रें आपणच माशांचीं चित्रें काढून देतात, आणि बुडबुड्यांसही मासा म्हणतात! डिझेल जाळून जाळें टाकणाऱ्या तांडेलास ही मदत महाग पडते. तीं चित्रें बंद करून मूळ रेघा वाचाव्या, असें आम्हांस वाटतें. तळाची रेघ ठळक असून दुप्पट खोलीवर तिची दुसरी छाया दिसली, तर तळ कठीण समजावा. तेथें जाळें फाटण्याचें भय असतें.