गाडी टाकली म्हणून पेन्शन जाईल?

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत चहा-नाश्त्याच्या गाडीला गिऱ्हाइकाची वाण नाही. अपंग मुलाला तिथे गाडी टाकून द्यावी असे एखाद्या निवृत्त बांधवाला वाटते. पण मुलगा कमावता ठरला तर आपल्यामागे त्याची फॅमिली पेन्शन गेली! ही भीती आम्ही खुळी मानत नाही.

मात्र केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये मर्यादा वाढवली आहे. पालकाच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता, याहून मुलाचे उत्पन्न कमी असेल तर पेन्शन तहहयात. पूर्वी ९,००० रुपये व महागाई भत्ता एवढ्यावरच सारे अडे.

तरीही धंदा म्हणजे पगार नव्हे. एक दिवाळी बरी गेली म्हणून जन्माचा आधार का तुटावा? उत्पन्न तीन वर्षांच्या सरासरीने धरा, ही आमची मागणी आहे. तोवर बांधवांनो, मुलाचे नाव आपल्या हयातीतच पेन्शन आदेशात घालून घ्या.